वांदरानं पिल्लू का मारलं, हे सांगणारी पुस्तकं हवी आहेत

साकोलीच्या मॅडम

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळांत 33 वर्षं शिकवून दोन वर्षांमागे निवृत्त झाले. राहते साकोलीला, भंडारा जिल्हा. पिटेझरीचं गेट आमच्याकडून जवळ, म्हणजे नागझिऱ्याचं जंगल दाराशीच. तरी अख्ख्या नोकरीत जंगलात दोनदाच गेले, दोन्ही वेळा शाळेची सहल घेऊन. वाघ समोर आला असता तरी मी पोट्टे मोजत बसले असते.

आता मुद्दा. 1994 सालची गोष्ट. तेव्हा माझी शाळा जंगलाला लागून असलेल्या एका गावात होती. कवेलूंचं छप्पर, अंगणात मोठी चिंच. त्या चिंचेवर वांदरांची टोळी यायची. आमच्याकडं वांदरच म्हणतात, काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. पुस्तकात वानर लिहितात. पंधरा-वीस माद्या, त्यांची पिल्लं आणि एक दांडगा नर. पोट्टे त्याला हेडमास्तर म्हणायचे, कारण तो सगळ्यांत उंच फांदीवर बसायचा आणि दिवसभर काही करायचा नाही. आमच्या खऱ्या हेडमास्तरांना हे माहीत होतं. ते हसायचे.

त्या हिवाळ्यात एक दिवस कवेलूंवर नुसता धुडगूस. बाहेरून चार-पाच नर आले होते. आमचा हेडमास्तर रक्तानं माखलेला, धानाच्या बांध्यांमधून पळत गेला तो परत दिसला नाही. पुढच्या दोन दिवसांत आलेल्यांपैकी एकानं बाकीच्यांनाही हाकललं आणि तो राहिला. मग एका मधल्या सुट्टीत, पोट्टे डबा खात बसलेले असताना, ह्या नव्यानं एका मादीच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू ओढलं आणि चावलं. पिल्लू कवेलूंवरून घरंगळत खाली आलं. आई उतरली, त्याला उचललं आणि वर गेली. तीन दिवस ती मेलेलं पिल्लू काखेत घेऊन फिरत होती. चौथ्या दिवशी हात रिकामे.

चौथीतल्या एका पोट्ट्यानं विचारलं, "मॅडम, बाप असा मारते का?"

मी म्हटलं, "वेडा झाला असेल, बाळा." आणि साताचा पाढा घ्यायला लावला.

मागच्या महिन्यात वाचनालयात व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' हाती लागलं. छोटंसं पुस्तक आहे, वानरांच्या टोळीवरची कादंबरी. कपाटापाशी उभी राहून वाचायला लागले ते ग्रंथपालांनी दिवे मालवायला घेतले तेव्हा भानावर आले. माझ्या चिंचेवर जे झालं तेच सगळं ह्यात आहे! मग त्यांचंच 'नागझिरा' आणलं. माझ्या अंगणातलं जंगल एका माणसानं बाहेरून येऊन, राहून, पाहून लिहिलं, आणि मी इथं बसून हजेरीपट भरत राहिले. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

तर अशी पुस्तकं सांगा, ज्यांत कोणीतरी एका जागी पुष्कळ दिवस बसून एकाच जनावराकडं पाहिलंय. चकचकीत फोटोंची नकोत. "आणि एवढ्यात झुडूप हललं" छापाच्या शिकारकथाही नकोत. मराठी असेल तर उत्तम. इंग्रजी सावकाश, शब्दकोश घेऊन वाचते. भाचा पुण्यात असतो, तो पाठवेल.

टिटवी

मॅडम, आमच्या ऑफिसातही गेल्या महिन्यात नवा साहेब आला. पुस्तक मिळालं की आम्हालाही कळवा.

कुमाऊँकर

मॅडम, तुमच्या 'शिकारकथा नको' ह्या वाक्याला नम्र हरकत. बाकीचे शिकारी सोडून द्या, पण जिम कॉर्बेटला त्या गठ्ठ्यात बांधू नका. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' (1944) मी नववीत वाचलं ते भीतीसाठी, आणि चाळिशीत वाचलं ते वेगळ्याच कारणानं. हा माणूस मेलेल्या वाघिणीचं तोंड उघडून पाहतो. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर 436 माणसं होती. कॉर्बेटनं तिला 1907 मध्ये मारलं तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे तुटलेले होते, खालचा तर पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. म्हणजे नेहमीची शिकार तिच्या दातांना झेपत नव्हती. मुक्तेश्वरच्या वाघिणीची तऱ्हा वेगळी, तिला साळिंदरानं आंधळं केलं होतं एका डोळ्यानं, आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतून बसले होते. "वाघ नरभक्षक का होतो" ह्या प्रश्नावर तो "वेडा झाला" म्हणून पाढे घेत नाही. (रागावू नका, गंमत केली.)

तरीही बंदूक नकोच असेल तर त्याचं 'जंगल लोर' घ्या. त्यात लहानपणी जंगल वाचायला कसा शिकला ते आहे: धुळीतला ठसा, कोणतं पाखरू कोणाला पाहून ओरडतं. आमच्या ठाण्यात येऊरला एकदा भेकराचं भुंकणं ऐकून मी बायकोला मोठ्या रुबाबात म्हटलं, "बिबट्या." निघालं कुत्रं. पण पुस्तकाचा त्यात दोष नाही.

चष्मेवाली

मॅडम, मी मूळची सांगलीची, सध्या देहरादूनला वन्यजीवशास्त्र शिकते. तुमची पोस्ट वाचून हॉस्टेलच्या मैत्रिणींना भाषांतर करून ऐकवली. तुम्ही 1994 मध्ये जे पाहिलंत त्यावर आमच्याकडं अख्खा एक वाद आहे, तोच सांगते. पुस्तक ओघात येईल.

वानरांमध्ये नवा नर पिल्लं मारतो ही नोंद भारतातच झाली, धारवाडजवळ, 1960 च्या दशकात. युकिमारू सुगियामा नावाचे जपानी संशोधक तिथं वानरांच्या टोळ्यांवर काम करत होते. तेव्हा बहुतेक अभ्यासकांचं मत तुमच्यासारखंच होतं: हा वेडेपणा, गर्दीमुळं किंवा माणसाच्या त्रासामुळं डोकं फिरलेल्या नराचं वागणं. सारा हर्डी ही अमेरिकन संशोधक 1971 मध्ये अबूच्या पहाडावर आली तीही ह्याच कल्पनेनं. अबूला वानरं भरपूर आणि माणसंही भरपूर.

पण तिथं बसून पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं की गर्दीशी ह्याचा मेळ बसत नाही. मेळ बसतो तो सत्तेच्या बदलाशी. टोळीतला नर बदलला की पिल्लं मरतात, आणि मारणारा बाहेरून आलेला असतो. कारण असं: मादी अंगावर पाजत असेपर्यंत पुन्हा माजावर येत नाही. तिच्या नोंदींत एक नर टोळीवर सरासरी सव्वादोन वर्षं टिकतो. तेवढ्यात त्याची स्वतःची पिल्लं जन्मून थोडी मोठीही व्हायला हवीत, नाहीतर पुढचा येऊन त्यांचं तेच करणार. दुसऱ्याच्या पिल्लाचं दूध सुटायची वाट पाहिली तर त्याची मुदत संपते.

तेव्हा तुमच्या चौथीतल्या मुलाला उत्तर असं: बाप मारत नाही. तो बाप नव्हताच. बाप बांध्यांमधून पळून गेला होता.

ह्यावर पुढं पंचवीस वर्षं भांडणं झाली. काही जण म्हणायचे, प्रत्यक्ष मारताना फार कमी वेळा पाहिलंय, बाकी अंदाज आहे. 1999 मध्ये दक्षिण नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांचे डीएनए तपासलेला अभ्यास आला. हल्ला करणारा नर त्या पिल्लाचा बाप नव्हता, हे त्यात स्पष्ट दिसलं. आता वाद बराच निवलाय.

हर्डीचं पुस्तक 'द लंगूर्स ऑफ आबू' (1977). जड आहे, तक्ते आहेत, पण तुम्ही वाचाल ह्याची मला खात्री आहे. कारण त्यात माद्या आहेत. आधीच्या अभ्यासांत माद्या म्हणजे नरांनी भांडायची वस्तू. हर्डीच्या माद्या डाव खेळतात. पोटात आधीच्या नराचं पिल्लू असतानाही नव्या नराला माज दाखवतात, म्हणजे पुढं जन्मणारं पिल्लू आपलं असेल असं त्याला वाटावं. आणि सोल नावाची एक म्हातारी वानरीण आहे. टोळीत तिला कोणी विचारत नाही, खायलाही सगळ्यांच्या शेवटी. पण नर पिल्लावर झडप घालतो तेव्हा पिल्लाच्या आईच्याही पुढं तीच धावून जाते.

दुसरं, जॉर्ज शॅलरचं 'द डिअर अँड द टायगर' (1967). हे तुमच्या शेजारचं, कान्ह्याचं. 1963 ते 65 हा माणूस बायको-मुलांसह कान्ह्यात राहिला. वाघांच्या चेहऱ्यावरचे पट्टे पाहून एकेकाला ओळखायचा, मारलेलं जनावर कोणतं, किती खाल्लं, किती वेळानं परत आला, सगळं वहीत. चितळ, बारशिंगा, गवा ह्यांच्यावरही तेवढंच बारीक. थरार शून्य. मला तर झोपण्यापूर्वी वाचायला फार आवडतं.

साकोलीच्या मॅडम

पोरी, तुझं उत्तर दोनदा वाचलं. "बाप बांध्यांमधून पळून गेला होता" इथं थांबून चहा ठेवला, तो उतू गेला.

सोल म्हातारीचं वाचून तर वाटलं, ही माझ्या सासूबाईच. त्याही सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या, आणि घरात कोणी लेकरावर हात उगारला की चुलीवरचं फुंकणीचं लोखंड घेऊन मध्ये उभ्या.

कुमाऊँकर, तुमची गंमत लागली थोडी, पण बरोबर जागी लागली. साळिंदराच्या काट्यांसाठी कॉर्बेट मागवते.

निवृत्त वनपाल

मॅडम, नमस्कार. मी नवेगावबांधकडचा. आपण शेजारी, आता तर एकाच व्याघ्र प्रकल्पात, 2013 पासून. एवढी चर्चा झाली आणि आमच्या चितमपल्ली साहेबांचं नाव अजून कोणी काढलं नाही, हे काही बरोबर दिसत नाही. भंडारा-गोंदियाच्या माणसानं आधी हर्डी आणि शॅलर वाचायचे आणि मारुती चितमपल्ली नंतर?

'पक्षी जाय दिगंतरा' घ्या, 'जंगलाचं देणं' घ्या, 'रानवाटा' घ्या. मग 'चकवा चांदण', ते आत्मचरित्र. सोलापूरचा हा गिरणगावातला मुलगा वनखात्यात आला, आणि नवेगावच्या तलावावर माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या माणसाकडून पाखरं शिकला. मोठ्या अधिकाऱ्यानं गावच्या पाटलापाशी शिष्यासारखं बसणं हे आमच्या खात्यात सोपं नसतं. मी सांगतो, मला माहीत आहे.

आणि शब्द. बगळे, ढोकरी, पाणकावळे एकाच झाडोऱ्यात शेकड्यानं घरटी करतात ना, त्याला आम्ही रजिस्टरात "बगळ्यांची घरटी, नग अमुक" असं लिहायचो. साहेबांनी त्याला शब्द दिला, सारंगागार. कावळ्यांच्या वसतीला काकागार. मी रजिस्टरात सारंगागार लिहिलं तर वरून शेरा आला, "अर्थ स्पष्ट करावा." मी केला. पुढच्या वर्षी तोच शब्द वरून आलेल्या पत्रात होता.

2025 च्या सुरुवातीला त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि जूनमध्ये ते गेले. त्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो होतो. बाकी काय करणार.

चष्मेवाली

काका, त्यांच्यामुळंच मी ह्या शिक्षणात आले, त्यामुळं हे जपून लिहिते. मॅडमनी मागितलंय ते "बसून पाहिलेलं". चितमपल्लींच्या लेखनात स्वतः पाहिलेलं, गोंड म्हाताऱ्यानं सांगितलेलं आणि संस्कृत पोथीत वाचलेलं एकाच सुरात येतं. वाचताना मोहिनी पडते. पण मी वहीत त्यातलं काही लिहायला घेतलं की अडते: हे त्यांनी पाहिलं की ऐकलं? हंसदेवाचं 'मृगपक्षिशास्त्र' त्यांनी मराठीत आणलं, ते तेराव्या शतकातलं आहे म्हणून अमोल. पण त्यातला सिंह मी परीक्षेत लिहू शकत नाही.

निवृत्त वनपाल

पोरी, तुझं चुकीचं नाही. पण एक सांगतो. तुमच्या शास्त्रातला माणूस दोन वर्षं येतो, वही भरतो, जातो. गोंड म्हातारा सत्तर वर्षं तिथंच असतो. त्याच्या दहा गोष्टींतल्या चार खोट्या निघतील. उरलेल्या सहा साहेबांनी लिहिल्या नसत्या तर त्या म्हाताऱ्याबरोबर जळून गेल्या असत्या. कोणत्या चार ते शोधायचं काम तुमचं. आम्ही साहित्य पुरवलं आहे.

चष्मेवाली

हे मान्य. थिसिसच्या पहिल्या पानावर लिहू का?

निवृत्त वनपाल

लिही. फक्त "अर्थ स्पष्ट करावा" असा शेरा आला तर मला कळव.

शहादेकर

पाहिलेलं खरं आणि ऐकलेलं संशयाचं असं चाललंय म्हणून मध्ये पडतो. वहीतलंही खोटं असू शकतं, आणि त्याचा फटका आमच्या शहाद्याच्या एका पाखराला बसलाय.

रानपिंगळा. गावातल्या पिंगळ्याचा जंगलातला भाऊ, डोकं मोठं, पाठीवर ठिपके जवळजवळ नाहीत. ह्यूम नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं 1873 मध्ये त्याचं वर्णन केलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून मोजके सातच नमुने. 1884 नंतर कोणालाही दिसला नाही. अपवाद एक: रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1914 साली गुजरातेत मांडवीला एक मारल्याची चिठ्ठी. मोठा नावाजलेला पक्षीतज्ज्ञ. त्यामुळं पुस्तकांत मांडवी छापलं गेलं, लोकांनी तिकडंही शोधलं. सालिम अली आणि अमेरिकन पक्षीतज्ज्ञ रिप्ली ह्यांच्या हातीही काही लागलं नाही. सगळ्यांनी धरून ठेवलं की पाखरू संपलं.

मग पामेला रासमुसेन ही अमेरिकन बाई ते जुने नमुने उलटेपालटे करून पाहायला लागली. भरलेल्या पाखराची शिवण, आतला कापूस, ह्यावरून कोणाच्या हातचं काम आहे ते ओळखता येतं म्हणे, शिंप्याचा टाका ओळखावा तसं. 1914 चा तो नमुना माइनर्ट्झहागेननं मारलेलाच नव्हता. संग्रहालयातून चोरलेला होता. जेम्स डेव्हिडसन हे इथं खानदेशात सरकारी अधिकारी होते, त्यांनी एकोणिसाव्या शतकात जमवलेल्यांपैकी एक. ह्या पठ्ठ्यानं तो उसवून परत शिवला आणि नवी चिठ्ठी बांधली. असे किती नमुने त्यानं केले त्याची मोजदाद आजही चालू आहे.

मांडवी खोटं ठरल्यावर बाईंनी खऱ्या चिठ्ठ्यांची गावं धरली, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये दोन साथीदारांसह शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा सापडला. 113 वर्षांनी. झाडावर, भर दिवसा, उन्हात बसलेला. मी तेव्हा अकरावीत. आमच्या गल्लीत बातमी अशी पोचली की फॉरेनची बाई घुबड बघायला आली. आजी म्हणाली, "घुबड बघायला विमानानं?"

नंतर तो मेळघाटात सापडला, आणि 2014 मध्ये पार मुंबईजवळ, तानसाला.

गंमत म्हणजे 1937 मध्ये सालिम अली ह्याच माइनर्ट्झहागेनबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहत फिरले होते. त्यानं आपल्या रोजनिशीत अलींबद्दल वाईटसाईट लिहून ठेवलं होतं. अलींनी ते स्वतःच्या आत्मचरित्रात उतरवून काढलंय, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', 1985. मॅडम, ते घ्याच. इंग्रजी सोपं आहे, आणि म्हातारा स्वतःवर हसतो.

किहीमकर

आत्मचरित्राचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावाचा हक्क सांगून जातो. सालिम अली बर्लिनहून शिकून आले 1930 मध्ये, तर मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी पैशांअभावी गेलेली. बायकोला घेऊन ते अलिबागजवळ आमच्या किहीमला येऊन राहिले. करायला काही नाही, आणि जवळच सुगरणींची वस्ती. पावसाळाभर ते पाहत बसले.

घरटं नर विणतो. अर्धं झालं, टोपीसारखं, की थांबतो. मग माद्यांची टोळी येते घर बघायला. आत शिरतात, ओढून पाहतात, नापसंत असेल तर जातात. एखादीनं पसंत केलं तरच बाकीचं घरटं, ती लांब नळी वगैरे, पुरं होतं. ती अंडी घालून बसली की हा महाशय शेजारी दुसरं घरटं सुरू करतो, दुसरीसाठी. पसंतच पडलं नाही तर ते अर्धं घरटं तसंच लटकत राहतं. आमच्या विहिरीवर दर वर्षी असली दोन-चार असतात. आम्ही त्यांना बिल्डरनं सोडलेली स्कीम म्हणतो.

साकोलीच्या मॅडम

किहीमकर, तुम्ही माझी झोप घालवली. बहिणाबाईंची खोप्याची कविता मी किमान वीस वेळा शिकवली आहे. फळ्यावर सुगरणीचं चित्र काढून, आई पिलांसाठी किती राबते ते सांगून, डोळ्यांत पाणी आणून. आता कळतं की राबत होता तो नर, आणि बाई घर नापसंत करून निघून जात होती! कविता मागं घ्यायची नाही. बहिणाबाईंना जे म्हणायचं होतं ते बाईच्या जातीबद्दल होतं, ते खरंच आहे. पण कवितेच्या तासानंतर परिसर अभ्यासाच्या तासात हेही सांगितलं असतं, तर मुलींना तेवढंच हसायला झालं असतं.

आता हिशेब. कॉर्बेट आलं. सालिम अलींचं आलं, रोज चार पानं होतात. तो पिवळ्या गळ्याची चिमणी मारून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला जातो, दहा-बारा वर्षांचं पोर, दारातून आत जायला घाबरतं, आणि आतला साहेब मिलार्ड त्याला हाकलत नाही, कपाटं उघडून दाखवतो. इथं मी पुस्तक बंद करून बसले. मला विचारलं होतं एका पोट्ट्यानं. मी पाढा घ्यायला लावला होता.

शॅलर भाच्याला मिळालं नाही अजून. हर्डीची किंमत ऐकून तो म्हणाला, "मावशी, एवढ्यात खरं वांदर येईल." चष्मेवाली, तुझ्या ग्रंथालयातून सोल म्हातारीची तेवढी पानं वाचून फोनवर सांगशील का? मी लिहून घेईन. वनपाल साहेब, 'रानवाटा' वाचनालयात होतं, 'चकवा चांदण' कोणी तरी 2011 मध्ये नेलेलं परत केलं नाही. ग्रंथपालांकडं नाव आहे. मी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन येणार आहे.

आणि एक काम केलं. दोनशे पानी वही घेतली. आमच्या मागच्या आवारात कवठाचं झाड आहे, तिथं सकाळी टोळी येते. पहिले आठ दिवस सगळी सारखीच दिसली. नवव्या दिवशी एक मादी वेगळी कळली, उजव्या कानाला खाच. मग शेपूट तुटकी एक. आता बारापैकी सात ओळखते. आकडे द्यायचे ठरवले होते, शास्त्रीय वाटावं म्हणून, पण जमेना. जेन गुडॉल बाईंनीही चिंपांझींना नावंच दिली होती आणि त्यावरून शिकलेल्या लोकांनी त्यांना नावं ठेवली होती, असं भाच्यानं सांगितलं, तेव्हा धीर आला. खाचवाली सुमन, तुटकी शेपूट जाधव बाई. नराचं नाव हेडमास्तर, दुसरं सुचलंच नाही.

काल पिटेझरीच्या गेटवर गेले होते. तो चौथीतला पोट्टा आता तिथं गाईड आहे, चाळिशीचा, पोट सुटलेलं. मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, बाबा, तीस वर्षांपूर्वी तू मला एक विचारलं होतंस, मी चुकीचं सांगितलं. आणि सगळं समजावलं: दूध, माज, सव्वादोन वर्षं, नेपाळचा डीएनए.

त्यानं अदबीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, हे तर मी रोज पर्यटकांना सांगतो. गाईडच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं आम्हाला."

मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंस रे?"

तर म्हणाला, "तुम्ही पाढा म्हणायला लावला असता."

टिटवी

मॅडम, साताचा पाढा त्याला येतो का, ते विचारलंत का?

साकोलीच्या मॅडम

विचारलं. सात आठे छप्पनला अडखळला.